निवळायला अर्धा तास

आषाढात नदीला तांबडं पाणी आलं की आजी फडताळातून निवळीच्या बिया काढायची. बटणाएवढी, करड्या रंगाची बी. ओल्या माठाच्या आतल्या अंगाला ती गोल गोल उगाळायची, वर नदीचं पाणी ओतायची, झाकण ठेवायची आणि आम्हा पोरांना बजावायची, "आता कुणी माठाला हात लावायचा नाही." रात्रभर माठ तसाच. सकाळी वरचं पाणी वाटीनं अलगद काढून घ्यायची. तळाशी बोटभर गाळ राहायचा. तो परसातल्या अळवाच्या आळ्यात जायचा, माठ विसळला जायचा आणि आजी पुन्हा बी हातात घ्यायची.

आज आपण असंच पाणी निवळताना पाहणार आहोत. पाणी नदीचं नाही. सकाळपासून आपणच वापरून सोडून दिलेलं आहे: तोंड धुतल्याचं, तांदूळ धुतल्याचं, कपड्यांचं, भांड्यांचं, संडासाचं. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर थांबा. अर्धा तास हाताशी आहे.

समोर टेबलावर काचेचं उंच, अरुंद मोजपात्र आहे, एक लिटरचं. अंगावर खुणा आहेत, शून्यापासून हजारपर्यंत. मलजल प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत ही चाचणी रोज होते. ज्या टाकीत पाण्याला हवा देतात तिथलं पाणी काठोकाठ भरायचं, घड्याळ लावायचं आणि तीस मिनिटं पात्राला हात लावायचा नाही. मग तळाला बसलेला थर कोणत्या खुणेला टेकलाय ते वाचायचं. एवढीच चाचणी. आजीच्या माठासारखीच, फक्त काचेतून दिसणारी.

वास येईल म्हणून नाक आक्रसलं असेल तर सैल सोडा. ताज्या सांडपाण्याचा रंग राखाडी असतो, शिळ्याचा काळा. नीट हवा मिळालेल्या टाकीतलं पाणी मात्र तपकिरी असतं आणि त्याला ओल्या मातीचा वास असतो. हे पाणी तसं आहे.

घड्याळ लावलं.

पहिल्या मिनिटात काहीच घडत नाही. पात्र वरपासून खालपर्यंत एकसारखं तपकिरी. नजर तिथेच राहू द्या आणि हे पाणी आलं कुठून ते आठवा.

मुंबईत पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रं रोज तलावांची पातळी छापतात. मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सात नावं. लोकलमध्ये उभ्यानं पेपर वाचणारा माणूसही ती वाचतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "तानसा भरलं." ह्यातला विहार १८६० सालचा, ह्या शहराला नळाचं पाणी पहिल्यांदा त्यानं दिलं. पुढे शहर वाढत गेलं तसतसे तलाव लांब लांब शोधावे लागले. आज रोज जवळजवळ ४,००० दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं, त्यातलं बरंचसं शंभरएक किलोमीटरवरून. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बायका हंडे मांडून बसतात. काचेपलीकडचं हे एक लिटर पाणी त्या हंड्यांच्या शेजारून आलेलं आहे. त्या बायकांची आठवण मनात थोडा वेळ राहू द्या, पुढे जायची घाई करू नका.

इतक्या लांबून आलेलं हे पाणी घरात किती वेळ थांबतं? नळातून हातावर, हातावरून बेसिनच्या जाळीत. दोन सेकंद. मग आपल्या लेखी ते संपतं. 'वाहून गेलं' असं आपण म्हणतो, आणि म्हणताना 'नाहीसं झालं' असंच मनात असतं.

आता पात्राकडे पाहा. तीन-चार मिनिटं झाली असतील. एकसारखं दिसणारं पाणी आता दाणेदार दिसायला लागलंय. बारीक बारीक कण एकमेकांना धरतायत, दुधात लिंबू पिळल्यावर धरतात तसे. अजून खाली बसलेलं काही नाही. पण वरच्या काठाशी केसाएवढी एक स्वच्छ रेघ दिसते का बघा.

ती रेघ रुंद होईपर्यंत पाण्याच्या मागोमाग जमिनीखाली जाऊ. बेसिनच्या नळीतून इमारतीच्या चेंबरमध्ये, चेंबरमधून रस्त्याखालच्या मलवाहिनीत. मलवाहिनी उतारावर टाकलेली असते, पाणी आपल्याच वजनानं चालतं. सेकंदाला साधारण साठ सेंटिमीटर इतकी तरी चाल हवी, असा ह्या कामातला जुना नेम आहे. म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश. त्याहून मंद झालं की गाळ नळीतच बसतो आणि सडतो. मुंबई बरीचशी सपाट, भराव घालून केलेली. इथे उतार द्यायचा तर नळी खोल खोल न्यावी लागते, आणि फार खोल गेली की पाणी पंपानं वर उचलून पुन्हा उतारावर सोडावं लागतं. जिथे उचलतात त्या जागेला महापालिका 'उदंचन केंद्र' म्हणते. आपण रात्री दोन वाजता उठून फ्लश ओढतो तेव्हाही तिथे पाळीवर कुणीतरी जागं असतं.

नळीत गाळ बसून सडला की जो वायू होतो, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हायड्रोजन सल्फाइड. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. त्याची भयंकर गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा निवळली, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो.

इथे थांबा. पात्राकडे नको, त्या पायरीकडे पाहा. मनुष्यप्रवेशिकेचं लोखंडी झाकण बाजूला सारलंय, कमरेला दोर बांधलाय किंवा तोही नाही. माणसाला मैला हातानं उपसायला लावण्याविरुद्ध देशात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला आणि त्यात संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यालाही बंदी आली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण माणसं उतरतच राहिली आणि मरतच राहिली.

मुंबईच्या पालिकेचा १८८८ सालचा कायदा आहे. मैला वाहून नेण्यासाठी घरमालकांवर जो कर बसवला, त्याचं नाव त्यात 'हलालखोर कर' असं होतं. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. ज्या माणसाच्या सावलीलाही लोक टाळत, त्याच्या नावानं कर. पुढे नाव बदलून 'मलनिस्सारण कर' झालं, आणि कागदावरून माणूस गेला. प्रत्यक्षातून तो गेलेला नाही. मला वाटतं, ह्या अर्ध्या तासातली निदान दोन मिनिटं त्याची आहेत. वाचणं थांबवा आणि ती त्याला द्या.

सात-आठ मिनिटं झाली. आता पात्रात मोठी हालचाल आहे. कणांचे पुंजके झालेत, पुंजक्यांचा एक सलग थर, आणि तो थर पडदा उतरावा तसा उतरतोय. वर पाणी स्वच्छ. इतकं स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले आकडे वाचता येतील.

हे पुंजके म्हणजे घाण असं समजू नका. त्यात मुख्यतः जीव आहेत. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काय दिसतं ते सांगतो. तपकिरी ढगासारखा एक पुंजका, जीवाणूंची गच्च वस्ती. त्याला चिकटलेला एक लांब, पारदर्शक देठ. देठाच्या टोकाला उलट्या घंटेसारखं एक तोंड, आणि तोंडाच्या काठावर केसांची झालर. झालर हलते, पाण्यात भोवरा होतो आणि सुटे जीवाणू त्या भोवऱ्यातून तोंडात ओढले जातात. शेजारून काही धडकलं की देठ स्प्रिंगसारखा वेटोळं घालून आखडतो, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, पुन्हा सरळ होतो. ह्या जीवाचं नाव व्हॉर्टिसेला. मला तो तासभर पाहत बसता येईल. केंद्रातली जाणती माणसं असे देठवाले जीव भरपूर दिसले की समाधानानं मान हलवतात: टाकी निरोगी आहे, पाणी निवळेल.

ह्या जीवांना दोनच गोष्टी लागतात, अन्न आणि श्वास. अन्न आपण दिलेलं आहे. श्वास यंत्रांनी द्यावा लागतो. टाकीच्या तळातून बुडबुडे सोडतात, तासन् तास. केंद्राची निम्म्याच्या आसपास वीज ह्या एका कामाला जाते. पाण्याचा मळ मोजण्याची रीतही श्वासाचीच आहे. नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवतात, आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस, आणि तेवढ्या वेळात आतल्या जीवांनी किती प्राणवायू संपवला ते पाहतात. संपवला जास्त, तर मळ जास्त. हेच पाणी तसंच खाडीत सोडलं तर तो प्राणवायू खाडीतून जाणार. म्हणजे तो माशांच्या वाट्याचा.

आता एक खोल श्वास घ्या आणि सोडा. दोन्ही वेळा नजर त्या उतरत्या थरावर.

असे जीव पोसून पाणी निवळवण्याची ही युक्ती सापडली १९१४ साली, मँचेस्टरला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट. सांडपाणी बाटलीत घेऊन त्यात ते हवा सोडत होते; उजेड लागू नये म्हणून बाटलीला तपकिरी कागद गुंडाळलेला. पहिल्या वेळी पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. आता तळाला साचलेला गाळ फेकून द्यावा, बाटली धुवावी, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी वरचं स्वच्छ पाणी काढलं, गाळ ठेवला आणि त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. ह्या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा तसंच केलं, आणखी कमी. होता होता काम चोवीस तासांच्या आत आलं. मागच्या पाण्यानं पोसलेले जीव पुढच्या पाण्याला तयार मिळत होते. ज्यांच्या सल्ल्यानं हे काम चाललं ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आज जगभरची मोठी केंद्रं ह्याच पद्धतीनं चालतात.

आजीनं गाळ अळवाला दिला, ह्यांनी पुढच्या पाण्याला. दोघांनीही तो 'गेला' असं मानलं नाही.

पंधरा मिनिटं. पडदा अर्ध्याच्या खाली आलाय आणि त्याचा वेग कमी झालाय. आता थर खाली पडत नाही, स्वतःच्याच वजनानं दबत जातोय. इथून पुढचं सगळं सावकाश. ह्या वेळात एक खरी गोष्ट ऐकावी लागेल, आणि ती सोपी नाही.

मुंबईच्या बहुतेक पाण्याला हा अर्धा तास आजवर मिळालेलाच नाही.

वरळी आणि वांद्र्याला शहराचं पाणी येतं. चाळणीतून काठ्या, चिंध्या, प्लास्टिक निघतं, वाळू खाली बसते आणि मग सगळं समुद्राखालच्या बोगद्यातून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत नेऊन सोडतात. त्या टोकाला पातमुख म्हणतात. तिथे पाणी खोल आहे, प्रवाह जोराचा आहे. मळ पातळ होईल, उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं जंतू मरतील, हा हिशेब. हिशेब अगदी खोटा नाही. किनाऱ्याला लागून सोडण्यापेक्षा ते पुष्कळ बरं होतं. वर्सोवा, घाटकोपर, भांडुपला उघडी तळी करून त्यात पाण्याला हवा देतात. मालाडला चाळून-गाळून खाडीत. भांडुपचं मला फार वाटतं. तिथेच डोंगराच्या बाजूला पिण्याचं पाणी शुद्ध करणारा प्रचंड मोठा प्रकल्प आहे, देशातल्या मोठ्यांपैकी एक. आणि रेल्वे ओलांडून खाडीच्या बाजूला आलं की वापरून झालेल्या पाण्याची ती तळी. एकाच उपनगरात पाण्याचं येणं आणि जाणं. येण्यावर केवढी माया, आणि जाण्याकडे पाठ.

ज्या वस्त्यांना मलवाहिनीच नाही, त्यांचं पाणी उघड्या गटारातून नाल्यात जातं, नाल्यातून मिठी नदीत. मिठी सुरू होते विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापाशी. पिण्याच्या तलावाच्या कुशीतून निघालेली नदी अठराएक किलोमीटरमध्ये माहीमच्या खाडीला लागेपर्यंत काळी होते. त्या वस्तीतल्या माणसांना दोष देऊ नका. त्यांना कुणी नळी दिलेली नाही.

समुद्र पोटात काही ठेवून घेत नाही असं कोळी म्हणतात. दिवसातून दोनदा भरती येते, आणि उधाणाच्या दिवशी दादरच्या, जुहूच्या वाळूवर शहराचं सगळं शहराच्या दारात येऊन पडतं. जे डोळ्यांना दिसत नाही तेही येतं. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात उतरतं, त्यांच्या अंगातून कोळणीच्या पाटीत, पाटीतून आपल्या ताटात. नारळी पौर्णिमेला वरळीचा, वर्सोव्याचा कोळी ज्या दर्याला नारळ वाहतो, तो हाच दर्या.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, हजारोंनी. गुलाबी थवा पाहायला आपण मुलांना घेऊन जातो. लहान रोहित शेवाळ खातो, आणि शेवाळाला लागणारं नत्र आणि स्फुरद खाडीत आपल्या सांडपाण्यातूनही जातं. म्हणून मग सांडपाणी बरंच म्हणायचं का? नाही. तीच पोषकं फार झाली की शेवाळ माजतं, सडतं आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. पण एवढं खरं की खाडीनं आपलं टाकलेलं नाकारलं नाही. जेवढं पचवता आलं तेवढं पचवून तिनं त्याचे पंख केले. तिच्यावर किती लादायचं, हे आपण ठरवायचं आहे.

आणि ते ठरायला लागलंय. जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप. सातांची मिळून क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. कुलाब्याचं छोटं केंद्र त्याआधीच झालं. ही केंद्रं उभी राहून नीट चालली, तर ह्या टेबलावरच्या पात्रासारखी पात्रं शहरभर रोज भरली जातील. विहारचं पाणी आल्यापासून दीडशेहून अधिक वर्षं गेली. एवढा उशीर शरमेचा आहे, आणि तरी काम सुरू झालं ह्याचा मला मनापासून आनंद आहे. केंद्र बांधून होतं, फीत कापली जाते. खरी परीक्षा त्यानंतरची. बुडबुडे एक दिवस बंद पडले तरी टाकीतले जीव गुदमरतात. श्वास रोज द्यावा लागतो, पंचवीस वर्षं, पन्नास वर्षं, बातमी होत नसतानाही.

तीस मिनिटं झाली. वाका आणि डोळे खुणेच्या पातळीवर आणा. तपकिरी थर २६० वर थांबलाय. वर सातशे चाळीस मिलिलिटर नितळ पाणी. ह्या आकड्यावरून केंद्रातला माणूस ओळखतो की गाळ किती, परत टाकीत किती पाठवायचा, जास्तीचा किती काढायचा. तो वहीत तारीख आणि वेळ लिहितो, पुढे २६०. पात्र विसळून पालथं घालतो. उद्या त्याच वेळेला तो ते पुन्हा भरेल.

तुम्हीही आता उठा, पण उठण्याआधी एक करा. तलावांची सात नावं तुम्हाला येतात. मुंबईचं वापरलेलं पाणी वाहून नेण्यासाठीही शहराचे सातच भाग केलेत: कुलाबा, वरळीचं लव्हग्रोव्ह, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. तुमच्या घरातलं पाणी ह्यांपैकी कुठे जातं ते शोधून काढा. वॉर्ड ऑफिसात विचारा, नगरसेवकाला विचारा, तिथे त्या पाण्याला काय काय करतात तेही विचारा. मुंबईत राहत नसाल तर आपल्या गावचं विचारा. आणि कळलं की घरातल्या मुलांना ते नाव सांगा, तानसा-भातसाचं सांगतो तसं.